मोठी बोट, छोटा कंट्रोलर?

मुलांनो, रिमोटवर चालणारी मोठी बोट करायची म्हटली की सगळे आधी मोटर बघतात आणि स्पीड कंट्रोलर उरलेल्या पैशांत बसवतात. माझ्या मते हे उलटं आहे.

मोटर हातात धरून फिरवली तर करंट थोडाच लागतो. पाण्यात पंखा ढकलताना तो कितीतरी वाढतो, आणि पंख्यात शेवाळ अडकून मोटर थांबली तर विचारूच नका! ओहमचा नियम आठवा. साध्या ब्रशवाल्या मोटरचा रोध ०.४ ओहम आणि बॅटरी १२ व्होल्टची असेल, तर थांबलेल्या मोटरमधून १२ ÷ ०.४ = ३० अँपिअर वाहू पाहतात. तिथे १५ अँपिअरचा स्वस्त कंट्रोलर टिकेल कसा? मी तरी ४० चा घेईन, शिवाय बॅटरीजवळ फ्यूज लावीन.

दोन मोटरी असतील तर दोन वेगळे कंट्रोलर बरे; एक पुढे, एक मागे फिरवून बोट जागेवर वळते. त्यासाठी रिव्हर्स हवा, तो विमानाच्या कंट्रोलरला बहुधा नसतो.

आणि दुकानदार सांगतो म्हणून घेऊ नका. बोट पाण्याच्या टबात धरून करंट मोजा. फक्त शाळेतला छोटा अँमीटर नको, तो जळेल. डीसी मोजणारा क्लँप मीटर कुणाकडून तरी मागून आणा.