मान आणि धन

गेल्या महिन्यातील एका रविवारी आमच्या काचीगुड्याच्या घरी दोन जुन्या विद्यार्थिनी योगायोगाने एकाच वेळी आल्या. दोघींच्या वयांत सात-आठ वर्षांचे अंतर. एकमेकींची ओळखही नव्हती. दोघी घरबसल्या भाषांतराचे काम करतात, माहितीपत्रके मराठीत आणतात, कंपन्यांच्या चित्रफितींची संहिता लिहितात. चहा घेता घेता मोठी म्हणाली, "सर, एका ठिकाणचे काम दोन वर्षे होते. शब्दाला नव्वद पैसे. दिवाळीपासून बंद झाले. कोणीतरी तीस पैशांत करून देते म्हणे."

धाकटीचा हातातला कप तसाच राहिला. ते 'कोणीतरी' म्हणजे तीच होती.

वाचकहो, येथवर दोष त्या मुलीचा नाही. काम स्वीकारण्यापूर्वी तिने आम्हांलाच विचारले होते आणि आम्ही मोठ्या वडिलकीने सांगितले होते, "पहिलेच काम आहे. घासाघीस करू नकोस, देतील ते घे. अनुभव हाच मोबदला." हा उपदेश करणाऱ्या आमचा स्वतःचा पगार मात्र दर महिन्याला श्रेणीप्रमाणे जमा होतो. ती श्रेणी सरकारी आदेशात छापलेली असते, कोणीही पाहावी. त्यात आम्हांला कधी संकोच वाटला नाही. संकोच वाटावा तो फक्त त्या मुलींना!

या संकोचाचे मूळ आमच्या मते एका शब्दात आहे. संस्कृतात 'मानधन' हा बहुव्रीही समास. मान हेच ज्याचे धन, तो मानधन. मराठीत त्याचा अर्थ मानाने दिलेले धन असा झाला. पण देणाऱ्यांच्या मनातून जुना विग्रह गेलेला दिसत नाही. मान दिला, आता धन कशाला, अशीच त्यांची समजूत असते.

आपल्या या शहराला भाषेची चाकरी नवी नाही. १९१७ साली उस्मानिया विद्यापीठासाठी 'दारुल तर्जुमा' निघाली, तेव्हा ग्रंथ उर्दूत आणणारे विद्वान पगारावर नेमले गेले. २००० साली रामोजी फिल्म सिटीतून ई टीव्ही मराठी सुरू झाली आणि मराठी तरुणांना येथे भाषेवर नोकऱ्या मिळाल्या. आता मात्र पुष्कळसे काम सुटे झाले आहे. दर ज्याचा त्याने ठरवावयाचा आणि शेजारचा काय घेतो ते कोणास ठाऊक नाही. हे अज्ञान काम देणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

त्या सकाळी मोठीने कागद ओढला आणि धाकटीला हिशेब मांडून दाखविला. घरखर्चाला महिना ३० हजार लागतात असे धरू. २५ दिवस कामाचे म्हटले तरी दहा दिवस काम शोधणे, नमुने पाठविणे आणि बिलाच्या मागे लागणे यांतच जातात. उरले १५, म्हणजे दिवसाला २ हजार रुपये पडले पाहिजेत. नीट तपासून दिवसाला २ हजार शब्द होतात. तेव्हा शब्दाला १ रुपया. तीस पैशांनी हीच मेहनत महिन्याला ९ हजारांवर येते, आणि संगणकाचा व विजेचा खर्च वेगळाच. यंत्राने केलेले कच्चे भाषांतर सुधारावयाचे असेल, तर शब्द मोजू नयेत, तास मोजावेत, हेही तिने बजावले. कारण कित्येकदा ते मुळापासून नव्याने लिहावे लागते.

कायदाही अगदी मुका नाही. 'उद्यम' नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे काम स्वीकारल्यावर ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत, अडवल्यास व्याज द्यावे लागते, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे. परंतु त्यासाठी दर आधी लेखी ठरलेला बरा.

सर्वांनी एकच दर लावावा असे आमचे म्हणणे नाही. आकाशवाणीवर गायकांच्या श्रेणी असतात आणि श्रेणीप्रमाणे मानधन बदलते. पण कोणत्या श्रेणीला काय, हे गुपित नसते. अनुभवाप्रमाणे दर निराळे असावेत, मात्र ते एकमेकांना ठाऊक असावेत.

आपल्या मंडळांनाही एक विनंती. गणेशोत्सवात निवेदिकेला किंवा व्याख्यात्याला बोलावताना शाल-श्रीफळाबरोबर रक्कमही निमंत्रणपत्रातच लिहावी. रक्कम लहान असली तरी चालेल. ती विचारण्याची वेळ पाहुण्यावर येऊ नये.

धाकटीने दुसऱ्याच दिवशी त्या कंपनीला नवा दर कळविला. उत्तर अद्याप आलेले नाही. कदाचित येणारही नाही. दरम्यान मोठीने आपल्याकडील एक पुस्तिका तिला अर्धी वाटून दिली, एक रुपया दराने. आम्ही मात्र आता कोणी दर विचारला, की उपदेश करीत नाही. मोठीचा दूरध्वनी क्रमांक देतो.