घर-संसार : दोन मिनिटांचे ऑम्लेट



भिवंडीतल्या घरात सकाळी दोन तऱ्हेची माणसे एकाच वेळी भुकेली असतात. लूमवर बारा तासांची रात्रपाळी करून आलेल्याला काहीतरी खाऊन आडवे व्हायचे असते. त्याच वेळी कोणाला शाळा गाठायची असते, तर कोणाला मानकोली, राहनाळ, पूर्णाकडच्या गोदामांत कामावर हजर व्हायचे असते. या दोघांच्या मध्ये एकटी बाई उभी असते. समोर एक किंवा दोन शेगड्या असतात. एकीवर चहा, दुसरीवर भाकरीचा तवा. अशा वेळी अंडे कोणी करायचे, आणि कोणत्या शेगडीवर?

म्हणूनच मायक्रोवेव्ह आणि त्यात ठेवायची प्लॅस्टिकची ऑम्लेटची डबी यांबद्दल आज लिहीत आहे. ज्या गोदामांत आपली मुले-मुली खोकी उचलतात, त्यांतून ही यंत्रे मुंबई-ठाण्याच्या घरोघरी जातात. आता हप्त्यावर का होईना, ती आपल्याही वस्तीत येऊ लागली आहेत. वस्तू घरात आली की तिची नीट माहिती हवी. नाहीतर वर्षभर तिच्यावर फक्त टेबलक्लॉथ घातलेला दिसतो.

हे यंत्र शोधणारा माणूस कोण होता, ते आधी ऐका. पर्सी स्पेन्सर हा अमेरिकेतल्या मेन राज्यातला, जन्म १८९४ चा. लहानपणीच बापाचे छत्र गेले. शाळा अर्धवट सुटली. बाराव्या वर्षी तो दोऱ्याची रिळे बनविणाऱ्या गिरणीत कामाला लागला. विजेचे काम तो पाहून पाहून आणि वाचून शिकला. पुढे रेथिऑन या कंपनीत तो रडारच्या नळ्यांवर काम करू लागला. १९४५ साली अशा नळीजवळ उभा असताना खिशातली गोळी वितळल्याचे त्याच्या ध्यानात आले, असे सांगतात. मग त्याने मक्याचे दाणे ठेवून पाहिले, ते फुटून लाह्या झाल्या. त्यानंतर अंडे ठेवले, तर ते एका सहकाऱ्याच्या तोंडावर फुटले, अशीही हकीकत आहे. १९४७ मध्ये विक्रीला आलेले पहिले यंत्र माणसाएवढे उंच आणि तीनशे किलोहून जड होते. कांडी भरता भरता ज्यांची शाळा सुटली, त्या आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

आता यंत्राचे काम पाहू. गॅसवर आधी भांडे तापते, मग पदार्थ. मायक्रोवेव्हमध्ये लहरी पदार्थातल्या पाण्याला तापवितात आणि भांडे मागाहून गरम होते. अंड्यात तीन-चतुर्थांश पाणीच असते, त्यामुळे ते झटपट शिजते. पण पाणी शंभर अंशाच्या आसपासच राहते. तव्यावर अंड्याला येतो तो तांबूस रंग आणि कुरकुरीत कडा येण्यासाठी त्याहून पुष्कळ जास्त उष्णता लागते. म्हणून डबीतले ऑम्लेट ढोकळ्यासारखे मऊ, पिवळे होते. नाक्यावरच्या गाडीवरची चव त्यात शोधू नका. पावात घालून खायला मात्र ते छान लागते.

साहित्य : दोन अंडी, एक लहान कांदा, अर्धी मिरची, थोडी कोथिंबीर, चिमूटभर हळद, चवीला मीठ, दोन चमचे दूध किंवा पाणी, तेलाचे चार थेंब.

कृती : कांदा अगदी बारीक चिरावा. काचेच्या वाडग्यात तेलाच्या दोन थेंबांबरोबर तो एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये फिरवून घ्यावा. थेट अंड्यात घातला तर अंडे शिजते, पण कांदा कच्चाच राहतो. डबीच्या दोन्ही पाळ्यांना आतून तेलाचे बोट लावावे. अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद, मीठ आणि दूध एकत्र चांगले फेटावे, पिवळा बलक अखंड राहू देऊ नये. मिश्रण दोन्ही पाळ्यांत निम्मे निम्मे ओतावे. पाळ्या काठोकाठ भरू नयेत, कारण अंडे फुगते. झाकण असल्यास ते सैल ठेवावे, म्हणजे वाफ बाहेर पडेल. आधी एक मिनिट लावावे आणि पाहावे. मग वीस-वीस सेकंद वाढवीत जावे. कडा बसल्या आणि मध्य थोडा ओलसर असला की एक पाळी दुसरीवर दुमडावी, पुन्हा वीस सेकंद द्यावे आणि एक मिनिट तसेच ठेवावे. दोन अंड्यांना सारे मिळून दोन मिनिटांच्या आसपास लागतात, यंत्राच्या ताकदीप्रमाणे थोडे इकडेतिकडे. आत पातळ, चिकट अंडे राहता कामा नये, विशेषतः लहान मुले, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे खाणार असतील तर.

काही गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा.

कवचासकट अंडे मायक्रोवेव्हमध्ये कधीही ठेवू नका. आत वाफ कोंडते आणि ते बॉम्बसारखे फुटते. उकडून सोललेले अख्खे अंडेही त्यात गरम करू नका. ते बाहेर काढल्यावर, अगदी चावा घेतानासुद्धा फुटू शकते. कापून तुकडे केल्यावरच गरम करावे.

आपल्या घरात सारी भांडी स्टीलची. ती यात चालत नाहीत, ठिणग्या उडतात. आत चमचा विसरू नका. चपातीला गुंडाळलेला चंदेरी कागदही आत जाता कामा नये.

डबी घेताना ती उलटी करून पाहा. ‘मायक्रोवेव्हसाठी चालेल’ असे लिहिलेले असावे आणि त्रिकोणात ५ हा आकडा असावा. हे पॉलिप्रॉपिलीन नावाचे प्लॅस्टिक, ते उष्णता बऱ्यापैकी सोसते. खुणेशिवाय मिळणारी स्वस्त डबी घेऊ नका. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि मेलामाइनच्या ताटल्या यांत काही तापवू नका. डबीत तेल जास्त घालू नका, कारण तेल पाण्यापेक्षा जास्त तापते आणि प्लॅस्टिकला सोसत नाही. डबी वाकली, तडकली किंवा आतून खरवडली गेली की टाकून द्या. आणि डबी नसली तरी अडत नाही. मायक्रोवेव्हला चालणारा काचेचा किंवा चिनी मातीचा वाडगा तेच काम करतो, आणि तोच अधिक चांगला.

विजेचेही पाहिले पाहिजे. बाराशे वॉट खेचणारे यंत्र दोन मिनिटे चालले तर एका युनिटचा पंचविसावा भाग खर्च होतो. म्हणजे एका युनिटमध्ये पंचवीस ऑम्लेटे. बिलाची भीती इथे नाही, भीती जुन्या वायरिंगची आहे. ज्या बोर्डावर मोबाइल आणि टेबलफॅन चालतो, त्याच बारीक सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शनवर मायक्रोवेव्ह लावू नका. त्याला सोळा अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट आणि खरे अर्थिंग लागते. चाळीत एका मीटरवर दोन-तीन खोल्या चालत असतील, तर वायरमनला दाखविल्याशिवाय यंत्र आणूच नका. तव्यावरचे ऑम्लेटही चार मिनिटांतच होते, हे विसरू नका.

मग एवढा खटाटोप कशासाठी? एका अंड्यातून सुमारे सहा ग्रॅम प्रथिने मिळतात, आणि ती उत्तम प्रतीची. वाढत्या मुलाला आणि रात्रभर मागासमोर उभ्या असलेल्या माणसाला ती हवीच असतात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचे ठरविले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबविला आणि अंडे द्यायचे असल्यास लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगितले. ज्या वस्तीतल्या पालकांचा पगारच आठवड्यावर चालतो, तिथे लोकसहभाग कुठून यायचा? शाळेच्या ताटातले अंडे गेले तर ते घरच्या ताटात आले पाहिजे. सकाळच्या घाईत ते राहून जाते, आणि पोराच्या हातात पाच रुपयांचे बिस्किट दिले जाते.

या डबीचा मोठा गुण मी वेळेत धरीत नाही. हिच्यात जाळ नाही, उडणारे तेल नाही, म्हणून अंडे करण्याचे काम आईच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाऊ शकते. पाळीवरून आलेला नवरा स्वतःचे ऑम्लेट स्वतः करू शकतो. शाळेत जाणारा मोठा मुलगा आपले आणि धाकट्या बहिणीचे करू शकतो. वाफेने हात भाजू नये म्हणून फडक्याने डबी कशी धरायची, झाकण तोंडापासून लांब कसे उघडायचे, हे दोन दिवस शेजारी उभे राहून शिकवा. मुलीला शिकवाल तसेच मुलालाही शिकवा. शिकल्यावर मात्र तुम्ही बाजूला व्हा. ‘राहू दे, मीच करते’ हे वाक्य बाईच्या तोंडी इतके बसले आहे, की यंत्र आले तरी तिचे काम कमी होत नाही, उलट घासायची डबी एक वाढते.

तेव्हा बंधूंनो, हा लेख घरातल्या बाईला वाचून दाखवू नका. कृती तुमच्यासाठीच लिहिली आहे. येत्या सुट्टीच्या सकाळी अंडी फोडा, कांदा चिरा आणि पहिले ऑम्लेट तिच्या पुढे ठेवा. आणि हो, डबीही तुम्हीच घासा.