फेडरवरचं बोट

नेवासा फाट्यावरच्या वरातीत परवा एक ओळखीचा डीजेवाला भेटला. 15 वर्षांपूर्वी हा पठ्ठ्या दर अर्ध्या मिनिटाला गाणं तोडायचा, मध्येच सायरन आणि स्वतःचं नाव घुसवायचा; मिनिटाला 130 ठोक्यांच्या खाली उतरणं त्याला कमीपणाचं वाटे. आता हलगीचा ठेका धरून ठेवतो. जुन्या गाण्याचा बास हळूच काढतो, मगच नव्याचा चढवतो. दोन्ही एकदम वाजले की नुसता चिखल होतो. लॅपटॉपवर ठेके आपोआप जुळवणारं सिंकचं बटण आहे, तरी हेडफोन एका कानाला लावलेलाच. आवाज मात्र कमी झालेला नाही, माझ्या छातीला विचारा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री 10 ला भोंगे बंद; पावणेदहाला त्यानं शेवटचं गाणं लावलं आणि न तोडता पुरतं वाजू दिलं.