ओटीला वेगळा मीटर द्या

परवा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात गेलो होतो. ऑपरेशन थिएटरमधले, म्हणजे ओटीतले, शेवटचे ऑपरेशन दुपारीच आटोपले होते. टेबल पुसलेले, ट्रे झाकलेले, दाराला कडी. आणि संध्याकाळी सातलाही आत एसी जोरात चालू. विचारले तर उत्तर आले, ‘ओटीचा एसी बंद करायचा नसतो.’ हे अर्धेच खरे आहे, आणि त्यापायी रात्रभर वीज वाया जाते.

रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या सूचना स्पष्ट आहेत. ओटीतली हवा शुद्ध राहावी म्हणून एएचयूचा (हवा खेळवणाऱ्या यंत्रणेचा) पंखा चोवीस तास फिरलाच पाहिजे. पण काम नसताना गारवा लागत नाही आणि व्हीएफडी हे वेगनियंत्रक उपकरण लावून पंख्याचा वेगही कमी करता येतो. वेग निम्मा केला की वीज साधारण आठवा हिस्साच लागते.

वीज मोजून वाचवणे कोरपना तालुक्याला कुणी शिकवायला नको. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा, सगळीकडे सिमेंट कारखाने. तिथल्या कंट्रोल रूममधल्या पोराला विचारा, टनामागे किती युनिट लागले ते तो लगेच सांगेल. केंद्राच्या ‘पॅट’ योजनेने २०१२ मध्ये मोठ्या सिमेंट कारखान्यांना ऊर्जाबचतीचे लक्ष्यच बांधून दिले. तिथे युनिटचा हिशेब चुकला की वरून विचारणा होते. आता रुग्णालयात विचारा, एका सिझरमागे किती युनिट लागले? कोण सांगणार? बिल अख्ख्या इमारतीचे एकच येते. सिमेंटच्या पोत्याचा हिशेब लागतो, ऑपरेशनचा लागत नाही.

कॅनडा, अमेरिका आणि ब्रिटनमधल्या तीन रुग्णालयांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये आला. जागेच्या मानाने ओटी एकूण रुग्णालयाच्या सरासरीच्या तिप्पट ते सहापट ऊर्जा खाते, आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून अधिक हवा खेळवण्यात आणि तिचे तापमान राखण्यात जाते. ती थंड मुलखातली रुग्णालये. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यात हा खर्च कमी असेल, असे मला मुळीच वाटत नाही.

वाचकांना माझा हट्ट ठाऊक आहे: आधी मीटर, मग भाषण. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राचा धूर आपण श्वासात घेतो. त्या विजेचा एक युनिटही रिकाम्या खोलीवर जाता कामा नये. रुग्ण टेबलावर असताना काटकसरीचा विचारही नको. तो वॉर्डात गेला की मात्र गारवा बंद, पंखा मंद, आणि सकाळी पहिल्या ऑपरेशनच्या पुरेसे आधी सारे पूर्ववत. रुग्ण कल्याण समित्यांनी पुढच्या बैठकीत ओटीच्या वेगळ्या मीटरचा ठराव घ्यावा. समितीत तुमच्या ओळखीचे कुणी असेल, तर त्यांना आजच फोन करा.