कवायतीचं बिल कुणाच्या नावावर?

बूट कॅम्प. अमेरिकन फौजेच्या मैदानातून निघालेला हा शब्द आता थेट आपल्या नाक्यावरच्या विजेच्या खांबाला येऊन चिकटलाय. बारा आठवड्यांत कोडिंग. तीस दिवसांत इंग्रजी. एकवीस दिवसांत पोट आत. डॉक्टरांचा बूट कॅम्प, मॅनेजरांचा बूट कॅम्प, सेल्समनचा बूट कॅम्प. ज्यानं बूट घालायचे त्याच्या पायात चप्पल तरी हाय की नाय, हे विचारायला मात्र कुणाला फुरसत नाही.

दोस्तहो, मी शिकण्याच्या विरोधात नाही. आपण शिकू नये म्हणून या देशात हजारो वर्षं कारस्थान चाललं, त्या देशात शिकण्याच्या विरोधात बोलणारा मी कोण? पण कुठलंही शिबिर दिसलं की मी तीन सवाल टाकतो. बिल कोण भरतो? शिकताना होणाऱ्या चुका कुणाच्या अंगावर पडतात? आणि शेवटच्या दिवशी फाटक कुठं उघडतं, कामावर की रस्त्यावर? हे तीन सवाल टाकले की कुठल्याही कॅम्पचं सोंग गळून पडतं.

पहिला शिपाई, कारण मूळ धंदा त्याचा. अमेरिकन मरीन फौजेचा कॅम्प १३ आठवड्यांचा. एक साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंडवर, दुसरा सॅन दिएगोला. पहिल्याच दिवशी पोराचे केस जातात आणि मग 'मी' जातो. स्वतःबद्दल बोलायचं तरी 'हा रिक्रूट' असं म्हणायचं. झोपणं, जेवणं, सगळं दुसऱ्याच्या घड्याळावर. माणूस मोडायचा आणि पुन्हा जुळवायचा, ही पद्धत. पण बिल सरकारचं आणि पगार पहिल्या दिवसापासून सुरू. का? सरकारला शिपाई पाहिजे. ज्याला तुझी गरज असते तो तुझ्या शिकण्याचे पैसे मोजतो. हे सूत्र गाठीला बांधून ठेव, पुढं लागेल.

आणि या शिस्तीच्या आरत्या ओवाळणाऱ्यांना एक तारीख सांगतो. ८ एप्रिल १९५६. त्या रात्री पॅरिस आयलंडवर एका ड्रिल इन्स्ट्रक्टरनं शिस्त लावायची म्हणून आपली प्लाटून दलदलीच्या खाडीत उतरवली. सहा पोरं बुडून मेली. त्यानंतर खटला झाला, इन्स्ट्रक्टरांवर देखरेख वाढली. म्हणजे शिकवणाऱ्याच्या हातात छडी द्यायची तर त्याच्या डोक्यावरही कुणीतरी बसवावा लागतो. ही अक्कल सहा मुडदे पडल्यावर आली.

आता खरी गोम बघ. १३ आठवड्यांत कुठल्याही खेड्यातला पोरगा शिपाई होत असेल, तर शौर्य रक्तात असतं, लायकी जन्मानं मिळते, ही बामणी आणि गोरी पोथी तिथंच फाटते. शिपाई घडवता येतो. मग पोथी वाचवायची कशी? सोपं आहे. ज्यांना नालायक ठरवायचं त्यांना मैदानातच घ्यायचं नाही. १९४२ पर्यंत मरीन फौजेनं काळ्यांना हेच केलं. घ्यावंच लागलं तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात माँटफर्ड पॉइंटला वेगळा कॅम्प काढला. शेजारच्या मोठ्या छावणीत गोरा मरीन सोबत असल्याशिवाय त्यांना पाय टाकता येत नव्हता. वेगळा पाणवठा म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. १९४९ पर्यंत त्या कॅम्पातून सुमारे २०,००० काळे मरीन तयार होऊन निघाले. १९४३ मध्येच कवायत शिकवणारे गोरे जाऊन काळे इन्स्ट्रक्टर उभे राहिले होते. एका वर्षात! कुठं गेलं रक्त? कुठं गेली परंपरा?

आपल्याकडची गोष्ट वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांना 'लढवय्या जातीं'चा साक्षात्कार झाला आणि महारांची भरती बंद पडली. सुभेदार रामजी सकपाळ ज्या पलटणीच्या शाळेत हेडमास्तर झाले, ती पलटणच आपल्याला बंद. पुढं १९१७ मध्ये महायुद्धाला माणसं कमी पडली, तेव्हा १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं, १९२१ मध्ये मोडली. दुसरं महायुद्ध आलं आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. माणसं तीच. रक्त तेच. बदलत होती ती फक्त साहेबाची गरज. लायकीचं सर्टिफिकेट गरजेच्या शाईनं लिहिलं जातं.

दुसरा डॉक्टर. त्यांच्यात जुनी म्हण आहे: एक बघा, एक करा, एक शिकवा. ऐकायला झकास. पण ते मधलं 'एक करा' कुणावर? अमेरिकेत ज्याला स्त्रीरोगशास्त्राचा बाप म्हणून मिरवलं त्या जे. मॅरियन सिम्सनं १८४५ ते १८४९ अलाबामात गुलाम बायकांवर, भूल न देता, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया करून आपला हात बसवला. अनार्का, बेट्सी, ल्यूसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा त्याचा पुतळा हलवला तो २०१८ मध्ये. त्याचा हात बसला, नाव झालं. बायकांना काय मिळालं?

आता नवी रीत आलीय आणि ती चांगली आहे, हे मी बेलाशक सांगतो. शिकाऊ डॉक्टरला आधी कॅम्पमध्ये घालायचं. रबरी पुतळ्यावर सुई घाल, नळी घाल, चुकलास तर परत घाल. ठरलेल्या पायरीला पोचल्याशिवाय जित्या माणसाला हात लावायचा नाही. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानं मोठ्या शिरेत नळी घालण्याचं शिक्षण असं दिलं. २००९ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. तिथल्या अतिदक्षता विभागात नळीच्या दर १,००० दिवसांमागे ३.२ संसर्ग होत होते, ते ०.५ वर आले. याचा उलटा अर्थही वाच. ज्या चुका पुतळ्यानं सोसल्या, त्या त्याआधी पेशंटनं सोसल्या होत्या. आपल्याकडं जनरल वॉर्डात रांगेत पडलेला कोण असतो? पुतळा महाग पडतो साहेब, आणि झोपडपट्टीतली म्हातारी फुकट मिळते. म्हणून सरकारी मेडिकल कॉलेजात पुतळ्यांची मागणी करणं हीसुद्धा चळवळ आहे. हसू नका.

तिसरा कोडवाला. हा आपल्या पोरांच्या सगळ्यात जवळचा. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत डेव्ह बूटकॅम्प निघाला. काही आठवड्यांत प्रोग्रॅमर, डिग्रीची गरज नाही. कल्पना वाईट नव्हती. डिग्रीची मक्तेदारी फुटणार असेल तर आपण टाळ्याच वाजवू. पण इथं सूत्र उलटलं. कंपनीला प्रोग्रॅमर पाहिजे, मग पैसे मोजायचे कंपनीनं. मोजले कुणी? शिकणाऱ्यानं. बड्या शिक्षण कंपनीनं २०१४ मध्ये तो विकत घेतला आणि २०१७ च्या डिसेंबरात टाळं लावलं.

त्याहून भारी लॅम्बडा स्कूल, पुढं त्याचंच नाव ब्लूमटेक. 'आधी फी नको, नोकरी लागल्यावर पगारातून द्या.' हे कर्ज नाही म्हणे! वर्षाला ५०,००० डॉलरच्या वर कमावायला लागलास की पगाराचे १७ टक्के, जास्तीत जास्त ३०,००० डॉलरपर्यंत. आमच्या गावच्या सावकाराला एवढं गोड बोलता आलं असतं तर त्याची वही कुणी जाळायला गेलं नसतं. जाहिरातीत ७१ ते ८६ टक्के पोरांना नोकऱ्या. आतल्या हिशोबात आकडा ५० च्या आसपास, एखाद्या तुकडीत ३० पर्यंत खाली. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण खात्यानं हे कर्जच आहे असं ठणकावलं आणि असं कर्ज वाटायला त्या संस्थेला कायमची बंदी घातली.

माझ्या मावसभावानं पुण्यात असाच एक कोर्स केला. फी हप्त्यानं. कोर्स संपला, 'प्लेसमेंट' म्हणून बिनपगारी इंटर्नशिप मिळाली. हप्ता मात्र पगारी होता, दर महिन्याच्या पाच तारखेला. मावशीच्या चार घरच्या भांड्यांतून गेला तो. पोरगा हुशार आहे, शिकलाही. पण फाटक रस्त्यावर उघडलं.

आणि कंपनी स्वतः पैसे मोजते तिथं? २०२५ च्या फेब्रुवारीत मैसूरला एका बड्या सॉफ्टवेअर कंपनीनं ३०० च्या वर शिकाऊ पोरांना काढून टाकलं. तीन संधींत परीक्षा पास झाले नाहीत, हे कारण. यातल्या अनेकांनी नेमणुकीच्या पत्रावर दोन-दोन वर्षं वाट बघितली होती. परीक्षा असावी, मी नाही म्हणत नाही. पण शिकवणाऱ्याची परीक्षा कोण घेतो?

चौथा अग्निवीर. जून २०२२ मध्ये योजना आली. चार वर्षं नोकरी, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढं कायम, बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांची सेवानिधी आणि राम राम. पेन्शन नाही. कॅम्प फुकट, चूक सोसायला सरकार, पण फाटक? चारांतले तीन ऐन विशीत बाहेर. बंदूक शिकलेला पोरगा मॉलच्या दारात शिट्टी घेऊन उभा करायचा, ही कुठल्या राष्ट्राची कवायत?

आणि आता पाचवा. ज्याच्या कॅम्पची जाहिरात कुठल्याच खांबावर लागत नाही. गटारात उतरणारा.

त्याचं काम जगातल्या सगळ्यात घातकी कामांपैकी एक. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, पण गॅस वाढला की नाक मरतं, वासच येत नाही. माणसाला वाटतं हवा साफ झाली. तिथंच तो आडवा होतो. मग वरचा साथी त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. अमेरिकन सरकारच्या संशोधन संस्थेनं १९८६ मध्ये सांगितलं की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांत ६० टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेले असतात. म्हणजे इथं शिकणं आणि जगणं एकच. १९९३ मध्ये अमेरिकेनं नियम केला: अशा जागी उतरण्याआधी हवा मोजा, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर तसंच उतरवू नका, वर माणूस उभा ठेवा, आणि उतरणाऱ्याला आधी प्रशिक्षण द्या. मालकाच्या खर्चानं.

त्याच १९९३ मध्ये आपल्याकडं हातानं मैला उचलण्यावर बंदीचा पहिला कायदा झाला. मग २०१३ चा कायदा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हणून सांगितलं, २०२३ मध्ये ३० लाख केले. त्याच वर्षी केंद्राची 'नमस्ते' योजना आली, कामगारांची नोंद, किट, प्रशिक्षण असं सगळं कागदावर आलं. आणि तरी ठेकेदार बादली, दोरी आणि क्वार्टर देऊन पोरगं खाली सोडतो. आयएएसच्या पोराला मसुरीच्या डोंगरावर पगार देऊन सुमारे १५ आठवडे पायाभूत कोर्स. गटारवाल्याला झाकण उघडून दीड मिनिट. त्याचं प्रशिक्षण जातीनं आधीच झालंय असं या समाजानं धरलंय. आजा उतरला, बाप उतरला, तू पण उतर. हाच तो हजारो वर्षांचा बूट कॅम्प. पास होणाऱ्याला बूटसुद्धा न देणारा.

तेव्हा मित्रा, नाक्यावर कुणी पत्रक हातात दिलं तर फाडू नकोस. तीन सवाल विचार. फीचा करार, नोकऱ्यांचा आकडा, तुकडीतल्या किती पोरांना किती पगार, सगळं लेखी माग. देत नसेल तर तो सावकार. तू कामावर असशील तर युनियनमध्ये ठराव घाल: प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पूर्ण मजुरीवर, मालकाच्या खर्चानं. आणि तुझ्या वॉर्डात उद्या मॅनहोलचं झाकण उघडलेलं दिसलं तर मुकादमाला विचार: गॅस मोजला का? मीटर कुठाय? या माणसाला कुणी, किती दिवस शिकवलं? कागद दाखव. नसेल तर झाकण लाव. तो लावत नसेल तर आपण चौघं मिळून लावू.