गिअरच्या पेटीला कूलर हवा काय?

भाषा आणि इतिहास शिकविणाऱ्याने मोटारीच्या यंत्राविषयी लिहावे, हे आमच्या काही शास्त्रशिक्षक मित्रांना रुचणार नाही. परंतु बेळगाव-निपाणीच्या या टापूत यंत्र कोणाच्या दारी नाही? कोणाकडे ऊस वाहणारा ट्रॅक्टर आहे, कोणाकडे भाजीचा टेम्पो, तर कोणाचे घर भाड्याने फिरणाऱ्या एका मोटारीवर चालते. अशा घरांतून अलीकडे एक मत ऐकू येऊ लागले आहे. घाटात गिअरपेटीतले तेल तापते, सबब इंजिनाच्या रेडिएटरप्रमाणे तिलाही तेल थंड करणारा कूलर बसवून घ्यावा, असे ते मत होय. हाताने गिअर बदलावयाच्या साध्या मोटारीला असा कूलर लागत नाही, हे आमचे मत आम्ही येथे कारणांसह मांडीत आहो.

हा निव्वळ तर्काचा विषय असता तर आम्ही वार्षिकाची पाने अडविली नसती. निपाणीकडच्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांनी भाड्याने चालविण्यासाठी जुनी मोटार घेतली. चढावर ती गुंजारव केल्यासारखा आवाज करू लागली व जळका वासही येऊ लागला, तेव्हा एका गॅरेजात त्यांना कूलर बसविण्याचा सल्ला मिळाला. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी त्यापायी खर्चिले. आवाज थांबला नाही. पुढे दुसऱ्या मिस्त्रीने पेटी उघडली तेव्हा आत तेल निम्मेही नव्हते. एका झिजलेल्या सीलमधून ते महिनोन् महिने ठिबकत होते आणि तेलावाचून बेअरिंग खराब झाले होते. सीलची किंमत कूलरच्या मानाने अगदीच किरकोळ होती.

मग कूलरची ही कल्पना आली कोठून? आमच्या समजुतीप्रमाणे ती आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारींकडून आली. अमेरिकेत ओल्ड्समोबिल मोटारींत हायड्रामॅटिक नावाची स्वयंचलित पेटी १९३९ साली आली. तेव्हापासून या जातीच्या पेट्यांत तेल हे केवळ वंगण राहिले नाही. इंजिनाची शक्ती चाकांकडे पोहोचविण्याचे काम तेथे तेलच करिते. एका पंख्याने तेल भिरकावावयाचे आणि त्या तेलाच्या माऱ्याने समोरचा पंखा फिरावयाचा, अशी ती योजना आहे. या भिरकावण्यात घसर होते, घसरीची उष्णता होते आणि ती सारी तेलातच उतरते. म्हणून अशा मोटारीच्या तेलाला थंड करण्याची सोय कारखान्यातूनच केलेली असते. आपल्या उद्यमबागेत ज्यांनी हायड्रॉलिक यंत्रे पाहिली आहेत, त्यांनाही तेल म्हटले की कूलर आठवतो. कारण तेच, तेथेही राबणारे तेलच. हातगिअरच्या पेटीत राबतात ती पोलादी दंतचक्रे. तेल केवळ त्यांच्या दातांमध्ये पातळ थर धरून बसते. घाण्याचा बैल आणि घाण्याला घातलेले वंगण यांत जो भेद, तोच येथे आहे.

पण दंतचक्रेही घासतात, ती तापणार नाहीत काय? तापतात, परंतु किती, हे मोजून पाहू. आम्ही मूळचे घाटाखालचे. घरी कोकणी बोलतो, वर्गात मराठी शिकवितो आणि रस्त्यावरच्या पाट्या कानडीत वाचतो. तेव्हा उदाहरणही आमच्या नित्याच्या वाटेचेच घेतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. सावंतवाडीहून निघालेली मोटार माणसांसह १,२०० किलो वजनाची धरली आणि चढ ६५० मीटरांचा धरला, तर एवढे वजन वर उचलण्यास लागणारी ऊर्जा विजेच्या हिशेबात जेमतेम दोन युनिट भरते. रस्त्याचा व वाऱ्याचा अडथळा जमेस धरून आपण ती दुप्पट, म्हणजे चार युनिट मानू. चांगल्या हातगिअरच्या पेटीत शंभरातले चारेक भाग वाया जातात असे धरले, तर पेटीत उतरणारी उष्णता युनिटच्या सुमारे सहाव्या हिश्श्याएवढी होते. घरातली हजार वॅटची इस्त्री दहा मिनिटे चालू ठेवली तर एवढीच वीज जळते. तीस किलोची पेटी आणि दोनेक लिटर तेल यांत ही उष्णता मुरली आणि वाऱ्याची झुळूकही बाहेरून लागली नाही, तरी त्यांचे तपमान वीस-पंचवीस अंशांहून फारसे चढणार नाही. प्रत्यक्षात वारा लागतोच, आणि पेटीचे कवच धातूचे असल्यामुळे तेच तिचा कूलर होय. चांगले गिअर तेल शंभर अंशांपलीकडेही तक्रार करीत नाही. विद्यार्थ्यांनी हा हिशेब आपल्या भौतिकशास्त्राच्या वहीत करून पाहावा. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी निष्कर्ष बदलत नाही.

१९५८ पासून २०१४ पर्यंत आपल्या देशात तयार होत असलेली अँबॅसडर मोटार हेच घाट वर्षानुवर्षे चढली, आणि तिच्या गिअरपेटीला कूलर नव्हता.

आता त्या जळक्या वासाविषयी. घाटात जो वास येतो तो बहुधा गिअरच्या तेलाचा नसतोच, तो क्लचचा असतो. साध्या मोटारीतील क्लच कोरडा असतो. इंजिन आणि पेटी यांच्या मधल्या घरात तो बसतो आणि तेलाचा त्याला स्पर्शही नसतो. पावसाळ्यात रविवारी आंबोलीच्या धबधब्याजवळ मोटारींची रांग लागते, तेव्हा पुष्कळ चालक ब्रेक न लावता, पाय क्लचवर अर्धा दाबून, इंजिनाच्या जोरावर मोटार चढावर लटकत ठेवितात. याला हाफ क्लच म्हणतात. मोटार जागची हलत नाही, तेव्हा क्लचपर्यंत पोहोचणारी सारी शक्ती त्या एका चकतीवर उष्णता होऊन बसते. आमच्या हिशेबाने बेताच्या चढावरही ती दोन इस्त्र्यांएवढी होते, आणि ही इस्त्री रांग सरेपर्यंत बंद होत नाही. हा वास पेटीचा समजून पेटीला कूलर लाविणे म्हणजे दाढ दुखते म्हणून कानात औषध घालणे होय. वर अनर्थ असा, की कूलर बसला या भरवशावर चालकाचा पाय क्लचवर अधिकच निर्धास्त होतो. हातब्रेक ओढून थांबण्याची सवय फुकट मिळते. तिची जाहिरात मात्र कोणी करीत नाही.

कूलर बसविण्यात आणखी एक अडचण आहे, ती विकणारा सहसा सांगत नाही. स्वयंचलित पेटीत तेल फिरविणारा पंप मूळचाच असतो. साध्या मोटारीच्या हातगिअर पेटीत तो बहुधा नसतो. तेथे खालची चक्रे तेलात बुडून फिरतात व वर शिंतोडे उडवितात, एवढ्यावर काम भागते. तेव्हा कूलर लावावयाचा म्हणजे निराळा पंप, दोन नळ्या आणि नळ्यांसाठी पेटीला दोन छिद्रे करणे आले. ज्या पेटीचे सारे सुख तेल आत राहण्यावर अवलंबून, तिलाच गळण्याच्या नव्या जागा करून द्यावयाच्या! शिवाय थंडीच्या पहाटे तेल आधीच घट्ट असते आणि गिअर जड पडतो. ते आणखी थंड ठेवून लाभ कोणाचा?

कूलर लागणाऱ्या हातगिअरच्या पेट्या जगात नाहीतच, असे आमचे म्हणणे नाही. शर्यतीच्या मोटारी तास न् तास पूर्ण जोराने धावतात. त्यांना तो लागतो. शेकडो अश्वशक्तीचे अवजड ट्रक किंवा उतारावर तेलाच्या साहाय्याने वेग आवरणारा रिटार्डर असलेली वाहने, यांनाही तो दिलेला असतो. काही मोठ्या ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक यांचे तेल एकच असते. तेथे कूलर असला तर तो त्या सामाईक तेलासाठी असतो. या सर्वांत तो मुळात रचनाकारानेच योजिलेला असतो, गॅरेजवाल्याने मागाहून चिकटविलेला नसतो. ज्या मोटारीला कारखान्याने तो दिला नाही आणि जी तिच्या नेमलेल्या ओझ्यानेच चालते, तिला आपण तो द्यावा, यास आम्हाला काही आधार दिसत नाही.

२०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एक नवी जात पसरली. तीत क्लचचा पायपट्टा नाही, म्हणून लोक तिला स्वयंचलित म्हणतात. परंतु आत पेटी हातगिअरचीच आहे, केवळ क्लच दाबण्याचे व गिअर पाडण्याचे काम यंत्र करिते. तिलाही वरील सर्व विवेचन लागू पडते. चढावर ती ॲक्सिलरेटरवर तोलून धरिली तर तिचाही क्लच तसाच जळतो.

पैसा खर्चावयाचाच असेल तर तो तेलावर खर्चावा. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच हवे. अधिक तीव्र ते अधिक चांगले, ही समजूत येथे घातक आहे, कारण मागील आसाच्या चक्रांसाठी केलेल्या काही तेलांतील गंधकयुक्त द्रव्ये पेटीतल्या पितळी कड्यांना खातात. आणि आपल्या भागाला एक निराळीच काळजी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, हे निपाणीकरांना सांगावयास नको. अशा पाण्यात उभी राहिलेली किंवा त्यातून काढलेली मोटार बाहेरून धुऊन पुसून स्वच्छ दिसते, पण पेटीच्या श्वासनळीतून पाणी आत गेलेले असू शकते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले की ते त्याच दिवशी बदलावे.

पेटीच्या कुशीला बहुतेक मोटारींत तेलाच्या पातळीचा एक बूच असतो. मोटार सपाट जागी, इंजिन बंद व पेटी थंड असताना मिस्त्रीकडून तो काढवून घ्यावा. तेल छिद्राच्या खालच्या कडेला टेकलेले असले म्हणजे पुरे. ते खाली गेलेले असेल तर कोठून गेले, याचा शोध घेतल्यावाचून मोटार गॅरेजातून हलवू नये. दिवाळीच्या सुटीत कोकणात उतरणाऱ्या घरांनी हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी करावे. सील बदलावयाचे ठरले तर काही वेळा पेटी उतरवावी लागते, आणि त्याला दिवस मोडतो.