सरावाला आदिवासीचे अंग चालते, शिकायला आदिवासीची मुलगी चालत नाही



तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी गेल्या वर्षी आमच्याकडे आली. बारावी सायन्स झालेली, नीटचा पहिला प्रयत्न फसलेला. दुसऱ्या प्रयत्नासाठी घरचे वर्षभर थांबायला तयार होते, पाय अडखळत होता तो तिचाच. ती म्हणाली, "दादा, वर्षभर घरच्यांना थांबवायचं आणि पुढं मला ते काम झेपलंच नाही तर? पंधरा दिवस एखाद्या दवाखान्यात नुसतं बसून बघता येईल का, डॉक्टर दिवसभर काय करतात ते?"

आम्ही तिच्यासाठी तीन ठिकाणी विचारले. दोन सरकारी, एक खासगी. नावे लिहीत नाही, कारण प्रश्न एका दवाखान्याचा नाही. पहिल्या ठिकाणी सांगितले, अशी तरतूद नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, मावशी म्हणून लागायचे असेल तर कंत्राटदाराला भेटा. तिसऱ्या ठिकाणी नुसते हसले. आणि त्याच तिसऱ्या ठिकाणी महिन्याभरात एका परिचित डॉक्टरांचा अकरावीतला मुलगा हिरवा गाऊन घालून ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहिला. त्याचा फोटोही फिरला. त्या मुलावर आमचा राग नाही. त्याला जे पाहायला मिळाले ते हिलाही पाहायला मिळावे, एवढेच आमचे मागणे आहे.

खरे तर या मुलीला दवाखाना नवा नाही. तिच्या धाकट्या भावाला सिकलसेल आहे. त्याच्या हाडांत कळा सुरू झाल्या की पाणी किती द्यायचे, थंडीत त्याला कसे जपायचे, कोणती गोळी रोजची आणि कोणती दुखण्यापुरती, हे तिला पाठ आहे. भावाला पाठीवर घेऊन पाड्यावरून रस्त्यापर्यंत यायचे, मिळेल ती जीप पकडायची, इथे जमले नाही तर सिल्वासा किंवा वलसाड गाठायचे, हे तिने सातवी-आठवीपासून केले आहे. शिवाय वॉर्डात ती दुभाष्याचे काम करते. डॉक्टर प्रमाण मराठीत विचारतात, म्हातारी वारलीत सांगते, आणि 'कुठे दुखते' एवढ्या प्रश्नातही निम्मे हरवते. मग सिस्टर हिला हाक मारतात. आजाराची माहिती काढणे, ती डॉक्टरला कळेल अशी सांगणे, डॉक्टरचे म्हणणे रुग्णाला समजावणे, हे वैद्यकीचे पहिले काम ही मुलगी फुकटात करते आहे. त्याला 'अनुभव' म्हणायचे कुणाच्या मनातही येत नाही.

आता अमेरिकेकडे पाहू. तिथे बारावीनंतर थेट मेडिकल कॉलेजात जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग अर्ज. डॉक्टर व्हायचे ठरवून ही पदवी करणाऱ्याला तिथे प्रीमेड म्हणतात. अर्जात गुणांच्या जोडीला रुग्णालयातला अनुभव पाहिला जातो: डॉक्टरच्या मागे सावलीसारखे किती तास फिरलात, वॉर्डात काय काम केलेत, अॅम्ब्युलन्सवर होतात का. हेतू चांगला आहे. माणसाने रक्त, वास, मरण आणि कंटाळा हे सगळे पाहून मग ठरवावे. पण तिथेही बिनपगारी तास भरायला वेळ कुणाकडे असतो? ज्याला फी भागवायला हॉटेलात भांडी घासावी लागतात त्याच्याकडे नसतो. ज्याचा काका डॉक्टर आहे त्याला एका फोनवर जागा मिळते. समाजशास्त्रात पिएर बोर्दिए ज्याला सामाजिक आणि सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते अगदी हेच. आपल्याकडे त्या भांडवलाला जातीचे आडनाव असते, एवढा फरक.

या तासांच्या मागणीतून एक बाजार उभा राहिला. एकोणीस-वीस वर्षांचे विद्यार्थी पैसे भरून आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, भारतात येतात आणि गरिबांच्या दवाखान्यात 'अनुभव' घेतात. आपल्या देशात ज्या विद्यार्थ्याला रुग्णाला सुई टोचू देणार नाहीत, तो इथे येऊन टोचतो. हे इतके वाढले की अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेलाच २०११ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. सूचनांचा गाभा असा की परदेशात गेलात तरी आपल्या शिक्षणाच्या पातळीपलीकडचे काम करू नका, रुग्णाला फसवून स्वतःला डॉक्टर भासवू नका.

आमच्या भागातही असे पाहुणे आलेले आम्ही पाहिले आहेत, एका शिबिरात. दोन गोरी मुले, पांढरे कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. रांगेतली म्हातारी त्यांना हात जोडून डॉक्टरसाहेब म्हणत होती, आणि ती मुले अजून मेडिकल कॉलेजच्या दारातही गेलेली नव्हती, हे तिला कुणीही सांगितले नाही. मुले चांगली होती, विनयशील होती. म्हातारीचा रक्तदाब त्यांनी तीनदा मोजला. तो तीनदा वेगळा आला. शेवटी एका नर्सताईंनी मोजला तेव्हा औषध ठरले.

काही मित्र म्हणतात, एवढ्याने काय बिघडले? बिघडते ते असे की कुणाच्या अंगावर शिकायचे, हे आधीच ठरलेले असते. अमेरिकेत स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे पुतळे उभारले त्या जे. मॅरियन सिम्सने १८४० च्या दशकात अलाबामात गुलाम काळ्या स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया केल्या. त्यांतल्या तिघींची नावे इतिहासात राहिली: अनार्का, बेट्सी, ल्युसी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला त्याचा पुतळा २०१८ मध्ये हलवला गेला. आणि हे फक्त तिकडचे, फार पूर्वीचे, असे समजू नका. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात आणि आपल्या शेजारच्या गुजरातेत वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना एका संशोधन प्रकल्पात एचपीव्ही लस दिली गेली. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. खम्मममध्ये पालकांऐवजी आश्रमशाळांच्या आणि वसतिगृहांच्या वॉर्डनांनी संमतिपत्रांवर सह्या केल्या. सात मुलींचे मृत्यू झाले. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत सिद्ध झाला नाही, पण संमती घेण्याच्या या पद्धतीवर संसदीय स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात कडक ताशेरे ओढले. प्रकल्प २०१० मध्येच थांबवावा लागला होता. लस चांगली की वाईट हा इथे मुद्दाच नाही; लसीच्या विरोधात आम्ही नाही. आपल्या डहाणू-तलासरीतही आश्रमशाळा आहेत, तिथेही मुलीच्या वतीने सही करणारा कुणीतरी बसलेला असतो. मुद्दा त्या सहीचा आहे.

आता आपल्याकडचे उलटे चित्र बघा. इथे डॉक्टर व्हायला एकही दिवस दवाखाना पाहावा लागत नाही. नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण. त्यात रुग्ण कुठेच नाही. म्हणून अधूनमधून इंग्रजी पेपरांत लेख येतात की आपणही अमेरिकेसारखी मुलाखत घ्यावी, अनुभव तपासावा, 'कल' पाहावा. आंबेडकरी तरुणांनी या गोड बोलण्यापासून सावध राहावे. मुलाखतीच्या खोलीत आडनाव आपल्या आधी जाऊन बसते, हे आपल्याइतके कुणाला माहीत आहे? अनुभवाला प्रवेशाचे गुण दिले तर थिएटरमध्ये उभ्या राहिलेल्या त्या मुलाला प्रमाणपत्र मिळेल आणि भावाला पाठीवर वाहून आणणाऱ्या मुलीला मिळणार नाही. प्रवेशासाठी अनुभवाची अट आम्हाला नको, आज नको आणि उद्याही नको.

पण म्हणून नीट ही निष्पाप आहे असेही नाही. तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातली एस. अनिता, हमालाची दलित मुलगी, बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवणारी. नीटमुळे तिची वाट बंद झाली आणि १ सप्टेंबर २०१७ ला ती गेली. त्यानंतरच्या लढ्यातून तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा राखल्या. महाराष्ट्राने असे काही केले नाही, आणि आपण तरी ते किती जोराने मागितले?

डहाणू तालुक्यातच सासवंदला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे 'इथे सोय नाही' हे कारण आता चालणार नाही. सोय आहे, आदिवासी रुग्णही आहेत. तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ आदिवासी आहेत. डॉक्टरच्या खुर्चीत त्यातले किती, ते आपल्या जवळच्या दवाखान्याच्या पाटीवरची आडनावे वाचून ज्याने त्याने मोजावे.

याच संदर्भात एका शब्दावर थांबावेसे वाटते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे 'दत्तक' घ्यायची, त्यांच्या घरी जायचे, तब्येतीची नोंद ठेवायची. विद्यार्थी वाड्यापाड्यांवर जातो हे चांगलेच आहे. पण दत्तक? अठरा वर्षांचा मुलगा साठ वर्षांच्या वारली शेतकऱ्याचे कुटुंब दत्तक घेतो? दत्तक कशाला म्हणतात ते फुले दांपत्याने दाखवून दिले आहे. यशवंतला त्यांनी घर दिले, नाव दिले, वारसा दिला. तो यशवंत डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्या दवाखान्यात रुग्ण पोहोचवता पोहोचवता स्वतः गेल्या. इथे वही भरली की नाते संपते. वास्तविक ते कुटुंब त्या विद्यार्थ्याला शिकवत असते. मग शिक्षक कोण आणि पोरका कोण?

आपल्याच चळवळीतले काही साथी आम्हाला म्हणाले, आधी रिक्त पदे भरा, औषधे आणा, रात्री डॉक्टर हजर राहतील असे पाहा. एका मुलीला पंधरा दिवस बसू देण्याचे काय घेऊन बसलात? त्यांचे बरोबर आहे, त्या मागण्या सोडायच्या नाहीतच. पण चळवळीने शिष्यवृत्तीचा फॉर्म, जातपडताळणी, वसतिगृह इथवर मुलांचा हात धरला आणि पुढच्या दारापाशी सोडला, हेही खरे आहे. डॉ. पायल तडवी एमबीबीएस झाली होती, मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला ती आपल्यातून गेली. तिच्या आईने जातीवरून छळ झाल्याचे सांगितले, खटला उभा राहिला. त्या इमारतीत आपले मूल एकटे शिरते, तिथले कायदे, सवयी, कुणाला काय विचारायचे, तक्रार कुठे करायची, काहीच माहीत नसताना. पंधरा दिवसांनी जातीयवाद थांबणार नाही, हे आम्हाला कळते. पण ज्याच्या घरात तीन पिढ्या डॉक्टर आहेत त्याला हे सारे जेवणाच्या ताटावर कळते, आपल्या मुलांना ते कळण्याची एकही जागा नाही.

म्हणून आमची मागणी आहे ती अशी. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि जिल्हा आरोग्य यंत्रणेने मिळून, बारावी सायन्स झालेल्या आदिवासी, बौद्ध आणि इतर गरीब मुलामुलींना डहाणू, कासा, तलासरीच्या सरकारी रुग्णालयांत पंधरा दिवस निरीक्षणासाठी घ्यावे. त्यांनी पाहायचे, ऐकायचे, विचारायचे. रुग्णाला हात लावायचा नाही, सुई नाही, टाका नाही, आणि वॉर्डातले कुणाचेही दुखणे पाड्यावर जाऊन सांगायचे नाही. जे दुभाष्याचे काम करतील त्यांना त्याचे मानधन द्यावे. ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम घातली आहे, कारण माणसे कमी असलेल्या रुग्णालयात 'निरीक्षक' मुलीच्या हातात चार दिवसांत बेडपॅन येईल, आणि सहाव्या दिवशी मावशीला सुटी मिळेल. फुकटच्या मजुरीचा या जिल्ह्याला जुना अनुभव आहे. १९४५ चा वारल्यांचा उठाव वेठबिगारीविरुद्धच होता.

आणि हाच नियम बाहेरून येणाऱ्याला लागू व्हावा. अमेरिकेचा प्रीमेड असो, मुंबईच्या डॉक्टरचा मुलगा असो, त्यानेही हात मागे बांधून उभे राहावे. तो कोण आहे, अजून डॉक्टर नाही, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे आणि रुग्ण नको म्हणाला तर त्याने मुकाट बाहेर जावे. पाड्यावर शिबिर घ्यायचे असेल तर आधी ग्रामसभेपुढे यावे. हा अनुसूचित क्षेत्राचा भाग आहे, इथे १९९६ चा पेसा कायदा आहे. ग्रामसभेला विचारणे हा उपचार म्हणून करायचा विषय नाही.

आम्ही बौद्ध कार्यकर्ते आहोत. आदिवासींच्या वतीने बोलण्याचा मक्ता आमच्याकडे नाही, म्हणून या निवेदनाचा मसुदा आधी त्या मुलीच्या पाड्यावर वाचला. तिथल्या एका आजोबांनी एक दुरुस्ती सुचवली: मुलांना भगताकडे आणि सुईणीकडेही दोन दिवस बसवा, म्हणजे माणसे दवाखान्यात उशिरा का येतात ते कळेल. आमच्यातल्या विज्ञानवादी साथींना ते पटले नाही, बराच वाद झाला. शेवटी सुईणीचे ठेवले आहे, भगताचे अजून ठरलेले नाही.

ती मुलगी दुसऱ्यांदा नीटला बसते आहे. पंधरा दिवस पाहून तिने नर्सिंग किंवा लॅब टेक्निशियन व्हायचे ठरवले तरी आम्हाला आनंदच आहे, ठरवणारी ती असली म्हणजे झाले. निवेदन घेऊन आम्ही पुढच्या महिन्यात प्रकल्प कार्यालयात जाणार आहोत. डहाणू-तलासरीतल्या ज्या पाड्यांवर, वस्त्यांवर बारावी सायन्सची मुले आहेत तिथल्या कार्यकर्त्यांनी त्यांची यादी तयार ठेवावी, आणि शक्य असेल तर त्या मुलांनाच सोबत आणावे.